झाडाचं नाव आणि रानाचं वय: ओळख-किल्ली व अनुक्रमणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निसर्गफेरीला येणारे लोक, शाळांमधले शिक्षक आणि कोकणात डोंगरउताराची जमीन असलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः सह्याद्री आणि कोकणातली आहेत. पहिले आठ प्रश्न ओळखीचे आहेत, पुढचे अनुक्रमणाचे, म्हणजे एका जागेवरचे सजीव काळानुसार कसे बदलत जातात याचे. समोरची जाळी करवंदाची की घाणेरीची हेच कळलं नाही, तर त्या जागेचं पुढे काय होणार हे सांगता येत नाही. म्हणून घाई असली तरी पहिला भाग गाळू नका.

१. ओळख-किल्ली म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय देणारी प्रश्नमाला. पान साधं की संयुक्त? समोरासमोर की एकाआड एक? जो पर्याय नमुन्याला लागू पडेल त्यापुढचा आकडा पाहायचा आणि त्या पायरीवर जायचं. शेवटी जातीचं (species), प्रजातीचं (genus, जवळच्या जातींचा गट) किंवा कुळाचं नाव मिळतं. फ्रान्सच्या वनस्पतींवर लिहिताना लामार्कने १७७८ मध्ये ही पद्धत वापरली आणि ती तशीच टिकली, कारण तिला फक्त नीट पाहणारे डोळे लागतात. किल्ली नातेसंबंध सांगत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. एकाच जोडीत आलेली दोन झाडं एकमेकांची जवळची असतीलच असं नाही. किल्ली बनवणाऱ्याला सोयीची लक्षणं तिथे वापरलेली असतात.

२. सुरुवातीला काय साहित्य घ्यावं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग, सहा इंची पट्टी, वही, पेन्सिल. पावसाळ्यात वही प्लॅस्टिकच्या पिशवीत. बाकी काही विकत घेऊ नका.

३. एखादी छोटी किल्ली करून दाखवाल का?

सह्याद्रीच्या उतारावर नेहमी दिसणाऱ्या सहा झाडांची ही किल्ली:

१. पान संयुक्त, एका देठावर अनेक पर्णिका … २
१. पान साधं, एकच पातं … ४
२. पर्णिका तीन … ३
२. पर्णिका ५ ते ७, पंजासारख्या एकाच बिंदूतून निघालेल्या … काटेसावर
३. फांद्यांवर काटे … पांगारा
३. काटे नाहीत, पर्णिका जाड, चामड्यासारख्या … पळस
४. पानं एकाआड एक, फांदीच्या टोकाशी दाटलेली, कडा बारीक दातेरी … कुंभा
४. पानं समोरासमोर … ५
५. पानं मोठी, खरखरीत. कोवळं पान चोळल्यावर बोटं लाल … साग
५. पानं गुळगुळीत, कडेलगत तिला समांतर जाणारी शीर, चोळल्यावर वास … जांभूळ

दोन्ही पर्याय वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. पहिला वाचून ‘हो, हेच’ म्हणत सुटलेले लोक बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवर अडकतात. पाचव्या जोडीत एकेका झाडासाठी तीन-तीन लक्षणं दिली आहेत, कारण सागाच्या रोपांची पानं मोठ्या झाडाच्या पानांपेक्षा कितीतरी मोठी असतात आणि नुसत्या आकारावर विसंबता येत नाही.

४. तुमच्या किल्लीत बेलाचं पान टाकलं तर उत्तर ‘पांगारा’ येतं. किल्ली चुकीची आहे का?

किल्ली बरोबर आहे, बेल तिच्यात नाही. बेलाला तीन पर्णिका आहेत आणि काटेही आहेत, त्यामुळे तो सरळ पांगाऱ्यापर्यंत जातो. वायवर्णही तीन पर्णिकांचा आणि बिनकाट्यांचा, तो पळसाच्या दारात जाऊन उभा राहील. पर्णिका जाड आहेत का हे तपासलं तर मात्र तिथे थांबाल. प्रत्येक किल्ली ठरावीक प्रदेशासाठी आणि ठरावीक यादीसाठी असते. यादीबाहेरचा नमुना आला तरी ती बिचारी कुठलं तरी नाव देतेच.

म्हणून नाव मिळाल्यावर काम संपत नाही. त्या जातीचं पूर्ण वर्णन काढा आणि किल्लीत न आलेली लक्षणं ताडून पाहा. पांगाऱ्याचं पान चोळल्यावर बेलासारखा वास येत नाही, तेवढ्यावर घोळ मिटतो. याउलट करंजाचं पान घेतलंत तर दुसऱ्या जोडीतला कुठलाच पर्याय बसत नाही, कारण पर्णिका तीनही नाहीत आणि पंजासारख्याही नाहीत. असं अडणं चांगलं. तिथे जवळचा पर्याय ओढूनताणून निवडू नका.

५. पान साधं की संयुक्त, हेच कळत नाही. खूण कोणती?

देठाच्या बेचक्यात कळी शोधा. पान जिथे फांदीला जोडलेलं असतं तिथे कळी असते, पर्णिकेच्या बुडाशी नसते. कडुनिंबाची एक ‘काडी’ म्हणजे एक पान आहे, हे याच खुणेने कळतं.

दोन फसवी उदाहरणं नेहमी येतात. आवळ्याची नाजूक डहाळी संयुक्त पानासारखी दिसते, पण तिच्यावरच्या प्रत्येक चिमुकल्या पानाच्या बगलेत फुलं येतात. म्हणजे ती साधी पानं आणि ती डहाळीच. दुसरी ऑस्ट्रेलियन बाभूळ, जी वनीकरणात जागोजागी लावली गेली. तिची कोयत्यासारखी वाकडी ‘पानं’ म्हणजे चपटे झालेले देठ आहेत. नुकतं उगवलेलं रोप पाहिलंत तर त्याच्यावर बाभळीसारखी खरी संयुक्त पानं सापडतात. मोठं झाड घेऊन किल्लीत शिरलात तर पहिल्याच पायरीवर वाट चुकते.

६. एकाच झाडावर दोन्ही पर्याय दिसतात, किंवा नर आणि मादी वेगळे असतात. मग काय निवडायचं?

ऐनाचा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्याची पानं काही ठिकाणी नीट समोरासमोर, काही ठिकाणी जराशी पुढेमागे. अशा वेळी दोन्ही वाटांनी जाऊन पाहा. एका वाटेवर दोन-तीन पायऱ्यांत हास्यास्पद पर्याय येऊ लागतात. ऐनासाठी पक्की खूण वेगळीच आहे: पान उलटं करा, देठाजवळ मधल्या शिरेवर एक-दोन गाठीसारख्या ग्रंथी दिसतील.

वयानेही रूप बदलतं. फणसाच्या रोपाची पानं खाचा पडलेली असू शकतात, मोठ्या झाडाची अखंड असतात. सावरीच्या कोवळ्या खोडावर जाडजूड काटे असतात, म्हाताऱ्या खोडावर ते झिजून जातात. प्राण्यांत तर कहर आहे. कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या मादीची तीन रूपं आहेत. एक नरासारखं, दुसरं कॉमन रोझची नक्कल करणारं, तिसरं क्रिमसन रोझची (ही दोन्ही वेगळ्या जातींची फुलपाखरं). एकाच नमुन्यावरून निकाल न देता चार-पाच नमुने पाहा, हाच त्यावर इलाज.

७. मोबाइलवर फोटो काढला की नाव मिळतं. किल्ली कशाला शिकायची?

अ‍ॅप जरूर वापरा, आम्हीही वापरतो. कुळापर्यंत किंवा प्रजातीपर्यंत ते बरंच लवकर पोचवतं. पण फोटोला वास येत नाही, चीक दिसत नाही आणि पान उलटल्याशिवाय ऐनाच्या ग्रंथी सापडत नाहीत. शिवाय अ‍ॅप ‘का’ ते सांगत नाही, त्यामुळे ते चुकलं तर तुम्हाला पत्ता लागत नाही. अ‍ॅपने दिलेलं नाव हा अंदाज समजा आणि त्या गटाची किल्ली घेऊन तपासा. दुर्मीळ आमरीचं (ऑर्किडचं) अचूक ठिकाण नकाशावर उघडं ठेवू नका, ओरबाडून नेणारे तेही पाहतात.

पुस्तक आणि अ‍ॅप यांच्यात नाव वेगळं दिसलं तर दचकू नका. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ मधला. त्यातल्या किल्ल्या आजही उपयोगी आहेत, नावं मात्र बरीच बदलली. टाकळा कॅसियाचा सेना झाला. रानमोडी युपॅटोरियममधून क्रोमोलीनात गेली. २००५ च्या व्हिएन्नातल्या वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर ‘अकेशिया’ हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियन जातींकडे राहिलं आणि आपली बाभूळ वॅचेलिया झाली. जुनं नाव वहीत कंसात लिहून ठेवा, शोधताना लागतं.

८. साप आणि अळंबी यांच्यासाठी किल्ली वापरावी का?

जिवंत सापासाठी नाही. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांतला फरक पुस्तकात सोपा वाटतो. मण्यारीच्या पाठीवरच्या मधल्या ओळीतले खवले मोठे आणि षट्कोनी, पट्टे शेपटीकडे जास्त स्पष्ट. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक. हे खवले पाहायला जितकं जवळ जावं लागतं, तितकं जवळ कोणी जाऊ नये. दंश झाला असेल तर साप ओळखत बसू नका, मारूही नका, पकडूही नका. भारतात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्रच चालते. रुग्णाला हलू न देता लगेच सरकारी रुग्णालयात न्या.

अळंबीची ओळख अभ्यासासाठी जरूर करा. टोपी पांढऱ्या कागदावर रात्रभर उपडी ठेवली की बीजाणूंचा रंग उमटतो आणि किल्लीत तो फार उपयोगी पडतो. पण किल्लीने मिळालेल्या नावाच्या भरवशावर अळंबी खाऊ नका. हिरवळीवर उगवणारी, हिरवट बीजाणूंची एक मोठी छत्री विषारी आहे आणि कोवळेपणी ती अगदी खाण्याजोगी दिसते.

९. अनुक्रमण म्हणजे काय?

एका जागेवरचा सजीवांचा समुदाय काळानुसार बदलत जातो आणि त्याची जागा दुसरा समुदाय घेतो, ती प्रक्रिया. अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांवर हेन्री कावल्सने १८९९ मध्ये तिचा पद्धतशीर अभ्यास मांडला. पाण्याजवळच्या टेकड्या ताज्या, आत जावं तशा जुन्या, आणि प्रत्येकीवर वेगळी वनस्पती.

जिथे आधी माती किंवा बियाणं काहीच नव्हतं तिथे घडतं ते प्राथमिक अनुक्रमण. १८८३ च्या ज्वालामुखी उद्रेकानंतरचं इंडोनेशियातलं क्राकाटोआ बेट हे त्याचं गाजलेलं उदाहरण. माती, बिया आणि मुळं शिल्लक असताना, म्हणजे शेत पडीक टाकल्यावर किंवा जंगल तोडल्यावर घडतं ते दुय्यम. आपल्याला रोज दिसतं ते बहुतेक दुय्यमच. प्राथमिकाचा नमुना हवा असेल तर घाटरस्त्यासाठी नव्याने कापलेला बेसॉल्ट पाहा.

१०. दगडफूल, मग शेवाळ, मग गवत, मग झुडूप, मग झाड: हा क्रम ठरलेलाच असतो का?

नाही. पाठ्यपुस्तकातला तक्ता परीक्षेपुरता ठीक आहे. गडाच्या तटबंदीवर जाऊन पाहा. दगडावर दगडफूल आहे, ओल धरणाऱ्या सांध्यात मॉस आणि नेचे आहेत, आणि त्यांच्या शेजारीच पिंपळाचं चांगलं वीतभर जाड झालेलं खोड चिऱ्यांतून बाहेर आलंय. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेलं बी फटीत पडलं, तिथे चिमूटभर माती होती, बस. मधल्या पायऱ्यांसाठी ते थांबलं नाही.

हा वाद शंभर वर्षं जुना आहे. फ्रेडरिक क्लेमेंट्सने १९१६ मध्ये मांडलं की समुदाय एखाद्या सजीवासारखा वाढत हवामानाने ठरवलेल्या चरमावस्थेला, म्हणजे शेवटच्या स्थिर टप्प्याला, पोचतो. हेन्री ग्लीसनने १९२६ मध्ये उलट म्हटलं: प्रत्येक जात आपापल्या गरजेने आणि योगायोगाने येते. पुढे १९७७ मध्ये कॉनेल आणि स्लॅटियर यांनी तीन शक्यता मांडल्या. आधी आलेला नंतरच्याला मदत करतो, किंवा त्याला काही फरक पडत नाही, किंवा तो अडवून धरतो. आमच्या मते कोकणातल्या कुठल्याही पडीक उतारावर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. मदतीचं उदाहरण पुढच्या उत्तरात आहे, अडवण्याचं प्रश्न १२ मध्ये.

११. आमची डोंगरउताराची वरकस जमीन पडीक आहे. तशीच सोडली तर जंगल व्हायला किती वर्षं लागतील?

आकडा देत नाही, कारण चार गोष्टी पाहिल्याशिवाय तो निव्वळ थाप ठरेल: जमिनीत जिवंत खुंट आहेत का, जवळ बियाणं देणारं रान आहे का, वणवा लागतो का, आणि गुरं किती चरतात.

खुंट असतील तर तुम्ही श्रीमंत आहात. ऐन, किंजळ, साग यांना तोडल्यावर जोमदार फुटवे येतात आणि मुळं आधीच खोल गेलेली असल्याने ते चार-पाच वर्षांत माणसाच्या उंचीपलीकडे जातात. एका खुंटावर एक-दोन सरळ फुटवे ठेवून बाकीचे काढले तर आणखी बरं. ‘साफसफाई’ म्हणून जेसीबी फिरवला की हीच ठेव उपटली जाते, आणि मग लोक नर्सरीतून रोपं आणतात.

नाचणी-वरी बंद झाल्यावर पहिल्या पावसात टाकळा आणि गवतं येतात. मग कुडा, करवंद, दिंडा. करवंदीच्या जाळीत गुरांचं तोंड पोचत नाही. बुलबुल तिथेच बसतो, फळं खातो आणि दुसरीकडून आणलेल्या बिया टाकतो. जाळीच्या पोटात जांभळाचं किंवा अंजनीचं रोप सुरक्षित वाढतं. उजेड भरपूर असेल तिथे चांदाडा झपाट्याने उंच होतो. सावलीत वाढणाऱ्या सदाहरित जाती त्यानंतर येतात आणि त्यांना दशकं लागतात. दरवर्षी वणवा लागत असेल तर मात्र गवताच्या पुढे गाडी जात नाही. खर्च करायचाच असेल तर तो पावसाळ्यानंतर जाळरेषा (वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा) काढण्यावर करा.

१२. घाणेरी आणि रानमोडी माजली आहे. सगळी उपटून टाकावी का?

दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या. दोन्ही इतक्या दाट वाढतात की खाली उजेड पोचत नाही आणि अनुक्रमण तिथेच अडकून पडतं. रानमोडी उन्हाळ्यात वाळून वणव्याला सरपणही पुरवते. पण एकदम सगळं उपटलं की उघड्या, उकरलेल्या जमिनीवर त्याच बिया पुन्हा रुजतात. आधी झुडपांच्या आत वाकून पाहा. एखादं देशी रोप असेल तर त्याच्याभोवतीची मोकळी करा आणि त्याची सावली वाढू द्या. रानमोडीला सावली मानवत नाही. फुलं येण्याआधी काढणी केलीत तर अर्धं काम झालं.

१३. आमचा सडा (खडकाळ, सपाट पठार) नुसता कातळ आहे. माती टाकून झाडं लावली तर अनुक्रमणाला मदत होईल ना?

हा प्रश्न दर पावसाळ्याआधी येतो, आणि उत्तर आहे: कृपा करून करू नका.

जांभ्याचा सडा म्हणजे अपुरं राहिलेलं जंगल नव्हे. जून ते ऑक्टोबर त्याच्यावर पाणी साचतं, मेमध्ये तो तापतो आणि माती काही ठिकाणी बोटभरही नसते. झाडाच्या मुळांना जागाच नाही. या अटींवर जगणाऱ्या वनस्पतींनी तिथे आपलं बस्तान बसवलेलं आहे: गेंद, कवला, सीतेची आसवं, दवबिंदू. शेवटच्या दोन कीटकभक्षी आहेत, कारण त्या मातीत नत्र जवळजवळ नाही. तुम्ही आणलेली सुपीक माती म्हणजे त्यांच्या जागेवर गवत आणि तणांना आमंत्रण. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीचं कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत गेलं ते याच कातळावरच्या फुलांसाठी. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं प्रागैतिहासिक मानली जातात. म्हणजे ती कोरली गेली तेव्हाही हा कातळ उघडाच होता, कुणी अलीकडे जंगल तोडून उघडा पाडलेला नाही.

इथे जमीनच चरमावस्था ठरवते, पाऊस कितीही असो. अपवाद सड्याच्या कडांचा. तिथे खोल माती आणि जुने खुंट सापडले तर ती तोडलेली राई असू शकते, आणि तिला प्रश्न ११ चं उत्तर लागू होतं. पहार घालून मातीची खोली मोजा, मग बोला. देशावरच्या माळरानांनाही हेच सांगणं. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान माळढोकाचं घर म्हणून ओळखलं जातं, आणि त्या पक्ष्याला झाडी नको, मोकळं गवत हवं.

१४. कारवी आठ वर्षांनी फुलून मरते. मग तो टप्पा संपला असं समजायचं का?

नाही. फुलोरा झाला की त्या पिढीची झुडपं वाळतात, बिया पडतात आणि पुढच्या पावसात त्याच जागी कारवीचीच दाट रोपं उगवतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ मध्ये आणि मग २०२४ मध्ये असा फुलोरा आला. हे एका जातीचं जीवनचक्र आहे, समुदाय बदललेला नाही. मधल्या वर्षांत कारवी ओळखायची तर समोरासमोरची मोठी, खरखरीत पानं आणि पेरांवर फुगीर असलेली खोडं पाहा.

१५. खाडीकाठी खारफुटीचे वेगवेगळे पट्टे दिसतात. ते अनुक्रमणाचे टप्पे आहेत का?

बहुतेक वेळा नाहीत. पट्टे जागेनुसार असतात, भरतीचं पाणी किती वेळ उभं राहतं आणि क्षार किती यावर ठरतात. ते वर्षानुवर्षं तसेच राहू शकतात. नवा गाळ साचून चिखलाची पातळी वर आली आणि तिथे तिवराची रोपं शिरली, तर तो काळानुसार झालेला बदल, ते अनुक्रमण. जुने नकाशे किंवा उपग्रहचित्रं ताडून पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही.

ओळखायला मुळं पाहा: तिवराची श्वासमुळं पेन्सिलीएवढी बारीक, पांढऱ्या चिप्पीची जाड आणि शंकूसारखी, कांदळाची खोडापासून कमानीसारखी खाली आलेली. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे.

१६. देवराई म्हणजे चरमावस्था का?

काही देवराया तिच्या बऱ्याच जवळ आहेत आणि आसपास तोडलं गेलेलं रान कसं होतं याचा उत्तम पुरावा आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला तोही त्यामुळेच. पण सगळ्या देवराया अस्पर्श नाहीत. कुठे मंदिराचा सिमेंटी विस्तार झाला, कुठे कडेने गुरं शिरली. आणि जुन्या देवराईतही मोठं झाड पडलं की उजेडाची खिडकी उघडते आणि त्यात चांदाड्याची रोपं हजर होतात. म्हणजे एका राईत एकाच वेळी अनेक वयांचे तुकडे असतात.

१७. शाळेच्या प्रकल्पासाठी एका वर्षात अनुक्रमण कसं दाखवायचं?

एकाच गावातले वेगवेगळ्या वर्षी पडीक पडलेले तीन-चार तुकडे निवडा. कुठला तुकडा कधीपासून पडीक आहे हे गावातली म्हातारी माणसं नेमकं सांगतात. प्रत्येक तुकड्यात गवतासाठी एक मीटरच्या आणि झाडांसाठी दहा मीटरच्या चौकटी आखा. त्यातली प्रत्येक जात प्रश्न ३ मधल्या पद्धतीने ओळखा. न ओळखलेल्यांना ‘अज्ञात १’, ‘अज्ञात २’ असे आकडे द्या, नाव अंदाजाने ठोकू नका.

यात एक खाच आहे. तुकड्यांतला फरक वयाचाच आहे असं आपण धरून चालतो. पण एक उतार उत्तरेकडचा आणि ओलसर, दुसरा दक्षिणेकडचा आणि कोरडा असेल, किंवा एकातच दरवर्षी वणवा लागत असेल, तर तुम्ही वयाऐवजी तो फरक मोजत बसाल. म्हणून एकाच दिशेचे, एकाच मातीचे तुकडे घ्या, आणि प्रत्येकात खुंट, जळल्याच्या खुणा आणि शेण किती दिसतं याची नोंद तक्त्यात वेगळ्या रकान्यात करा.